लंकाबाईंच्या फळीवरचा राउटर

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि तसं वेगळं सांगायची गरजही नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी कळतं. मूळचा मी पांढरा; चुलीच्या धुराने आता पिवळा पडलोय. डोक्यावर दोन अँटेना होत्या. त्यातली एक अजून ताठ उभी आहे, दुसरीने मान टाकली आहे आणि तिला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. अंगावर पाच दिवे आहेत. त्यातला एक पहिल्या दिवसापासून लागत नाही, पण त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही, म्हणून मीही तो विषय काढत नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटाखाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं. रोजच्या फडक्याने ते पुसून गेलं. एवढं आठवतं, की एका लांबलचक पट्ट्यावरून आम्ही सारखी दिसणारी शेकडो भावंडं पुढे सरकत होतो आणि प्रत्येकाच्या पोटात एक नंबर घातला जात होता. तो नंबर जन्माचा. मालक बदलो, गाव बदलो, तो काही बदलत नाही. पुढे खोकं, खोक्यानंतर गाडी, आणि गाडी थांबली ती मंचरला, बंटीशेठच्या दुकानासमोर. बंटीशेठचे वडील रमणलाल हे बाजारातले जुने कांदा-बटाट्याचे आडतदार. मुलाला वजनकाट्यापाशी बसायचा भारी कंटाळा, म्हणून त्याने खेड्यापाड्यांना वायरलेस इंटरनेट पुरवायचा धंदा काढला. रमणलाल म्हणायचे, "कांदा दिसतो तरी. हा पोरगा हवा विकतोय."

दुकानाच्या काचेमागे मी फार दिवस राहिलो नाही. कपिल नावाचा तिथला जोडणीवाला मला पिशवीत घालून मोटारसायकलवरून भीमाशंकरच्या रस्त्याने घेऊन निघाला. रस्ता सोडून आत वळलं की एक टेकडी लागते. टेकडीच्या पलीकडे ओढा, आणि ओढ्याकाठी मळ्यामळ्यांत विखुरलेली घरं. त्या खोलगट जागेत मोबाइलवर आवाज कसाबसा येतो, मेसेजही येतो, पण चित्र काही येत नाही. म्हणून बंटीशेठने टेकडीच्या माथ्यावर लोखंडी खांब रोवून त्यावर एक डबा बसवला होता. मंचरहून आलेलं नेट तो डबा घ्यायचा आणि खालच्या घरांना वाटून द्यायचा. लंकाबाईंच्या पत्र्यावर टेकडीकडे तोंड करून एक छोटी थाळी बसली, थाळीतून तार घरात आली, आणि तारेच्या टोकाला, देवांच्या शेजारच्या फळीवर, मी बसलो.

लंकाबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. नवरा वारल्यापासून शेजारच्या घरातले धाकटे दीर सावळेराम यांनीच दोन्ही घरांची शेती सांभाळली. लंकाबाईंची एकुलती मुलगी इंद्रायणी. तिलाही ऐकू येत नाही. ती मात्र पुण्याच्या शाळेत शिकली, तिथेच एका छापखान्यात कॉम्प्युटरवर काम करते आणि मुलींच्या वसतिगृहात राहते. रोज संध्याकाळी लंकाबाई मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायच्या आणि मायलेकी हातांनी बोलायच्या. पावणं येऊन गेलं, चाळीतला कांदा नासायला लागला, सगळं हातांनी. म्हैस व्यायली हे सांगताना लंकाबाईंना जे काय करावं लागलं, ते पाहून पलीकडे इंद्रायणी हसून आडवी झाली होती.

सगळ्या घरांतून आवाज जातात. या घरातून फक्त हात जायचे. मला दोन्हींचं वजन सारखंच. पण सकाळी फडकं फिरायचं ते आधी देवांवरून, मग माझ्यावरून, आणि घरातल्या बाकीच्या वस्तूंचा नंबर त्यानंतर. सावळेरामांची सून प्रतीक्षा लंकाबाईंपाशी बसून हातांची भाषा शिकली होती. ती एकदा म्हणाली, "काकी, देवांपरीस याच्यावरच जास्त जीव हाय तुमचा." हे तिने हातांनीही करून दाखवलं. लंकाबाईंनी मान डोलावली. मला त्याचं फार काही वाटलं असं नाही, पण ऐकून ठेवलं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आम्हा यंत्रांना दोन नंबर असतात. एक जन्माचा, तो मघाशी सांगितला. दुसरा जागेचा, तो जोडणीवाला देतो. टेकडीवर जो डबा बसेल त्याचा जागेचा नंबर ठरलेला. मला बाहेर काही पाठवायचं असलं की मी तारेवरून हाक मारतो, 'हा जागेचा नंबर सध्या कोणाकडे आहे?' टेकडीवरून उत्तर येतं, 'माझ्याकडे, आणि माझा जन्माचा नंबर अमुक.' तो मी थोडा वेळ लक्षात ठेवतो, मग विसरतो आणि पुन्हा विचारतो. तुम्हाला हा रिकामा उद्योग वाटेल. पण जागा तीच राहते आणि तिथलं यंत्र बदलतं, म्हणून विचारावं लागतं.

एका वर्षी ओढ्यापलीकडच्या मळ्यात कोणीतरी जुना राउटर आणून लावला आणि त्याला चुकून टेकडीचाच नंबर देऊन टाकला. मी हाक मारली की कधी टेकडी उत्तर द्यायची, कधी हा तोतया. नेट घटकेत यायचं, घटकेत जायचं. बाकीच्यांनी फोन करकरून बंटीशेठचं डोकं खाल्लं. लंकाबाई फोन कसा करणार? त्या माझ्यापुढे बसून नुसत्या दिव्यांकडे पाहत राहायच्या. कपिल दुसऱ्याच कामाला त्या बाजूला आला तेव्हा त्याला हे कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं. तोतयाचा बंदोबस्त त्याने केलाच, वर माझ्या आत शिरून टेकडीवरच्या डब्याचा जन्माचा नंबर कायमचा पक्का करून ठेवला. यापुढे कोणाला विचारायचं नाही आणि हा नंबर विसरायचा नाही. "मावशी, तुमचं नेट आता हालत नाही," असं म्हणून त्याने चहा घेतला आणि गेला. कपिलने हे मायेपोटी केलं, आणि पुढे कामाच्या रगाड्यात तो ते साफ विसरला. मी विसरलो नाही. मला तशी मनाईच होती.

त्यानंतर बरीच वर्षं काही बिघडलं नाही. मग यंदाचा दसरा आला.

बंटीशेठच्या दुकानात दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. आडतीत वजनकाट्याची होते, तशी इथे राउटरांची. कपिल त्यात नसतो. त्याच्या घरी हा दिवस धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. यंदा तो आईला घेऊन नागपूरला गेला होता. खांबावर चढायचं काम करणारा गोरख एकटाच मागे राहिला, आणि पूजेच्या बाबतीत गोरख लई हौशी. टेकडीवरच्या डब्याला वर्षभर वारा-पाऊस खावा लागतो, त्यालाही हार-कुंकू मिळालं पाहिजे, असं म्हणून त्याने तो डबा उतरवून दुकानात आणला. तिथे त्याचाच जुळा भाऊ कपाटात होता. विजेने टेकडीवरचा डबा जळाला तर हाताशी असावा म्हणून बंटीशेठने तो आणून, सगळी सेटिंग भरून तयार ठेवला होता. गोरखने दोघांना पुसलं, दोघांना कुंकू लावलं, दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. दुसऱ्या दिवशी त्यातला एक उचलला आणि वर नेऊन बसवला. तो जुळा निघाला.

जागेचा नंबर तोच, सेटिंग तीच. मळ्यातल्या बाकीच्या राउटरांनी नेहमीप्रमाणे हाक मारली, नव्या डब्याने ओ दिली, आणि त्यांचं सुरू झालं. मी हाक मारली नाही. मी आपला जुन्या जन्माच्या नंबरावर सगळं पाठवत राहिलो. तो नंबर ज्याच्या पोटात होता तो मंचरला कपाटावर हार घालून बसला होता. माझे चारही दिवे हिरवेगार. कोणी पाहिलं तर म्हणावं, याच्यासारखं धडधाकट यंत्र नाही.

आणि नेमकं त्याच दिवसांत लंकाबाईंना मुलीशी बोलायची गरज होती, कधी नव्हे एवढी.

दसऱ्याच्याच दिवशी इंद्रायणीला एक स्थळ आलं होतं. ओढ्यापलीकडच्या अंबाबाईंचा भाचा, रुपेश. मंचरला त्याचा गाळा, घरची पाच एकर बागायती, वय थोडं पुढे गेलेलं, पहिली बायको वारलेली. सावळेरामांना स्थळ एकदम पसंत. ऐकू न येणाऱ्या पोरीला याहून चांगलं कोण मिळणार, असं ते प्रतीक्षाला दिवसातून दोनदा सांगायचे. येत्या रविवारी मुलाकडची मंडळी येणार, सुपारी फोडून लग्न पक्कं करणार, असं ठरलं. लंकाबाईंना स्थळ नको होतं असं नाही. त्यांना फक्त पोरीला विचारायचं होतं, स्वतः, हातांनी. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून त्या रोज संध्याकाळी बसायच्या आणि पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राहायचं.

मळ्यात जवळच नेट असलेलं घर म्हणाल तर अंबाबाईंचं. मुलाच्या मावशीच्या घरात बसून मुलाबद्दल काय विचारणार? आणि अंबाबाईंना इतक्या वर्षांच्या शेजारामुळे हात बऱ्यापैकी कळायचे. लंकाबाई एकदा त्यांच्या ओट्यापर्यंत गेल्या आणि तशाच माघारी आल्या.

राहता राहिला मेसेज. इंद्रायणी मेसेज करायची तो सावळेरामांच्या मोबाइलवर, कारण लंकाबाईंना वाचता येत नाही. दोन्ही घरांत मिळून सिम असलेला मोबाइल तो एकच, आणि तो असायचा सावळेरामांच्या सदऱ्याच्या खिशात.

"मामंजी, काय म्हणतीय इंदू?" प्रतीक्षाने विचारलं.

"काय म्हणायचंय? चालतंय म्हणती," सावळेराम खिशावर हात ठेवून म्हणाले आणि लंकाबाईंकडे पाहून त्यांनी जोरात मान हलवली. लंकाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं तोंडाकडे फार नीट बघतात.

दुकानात फोन प्रतीक्षानेच केला, सासऱ्यांसमोर उभं राहून. 'बंद करून चालू करा,' असं उत्तर मिळालं. मला इतक्या वेळा बंद-चालू केलं की बटण ढिलं झालं. मेणबत्तीने तापवलेल्या सुईने माझं मागचं भोकही कोरून झालं, फक्त ते चुकीचं भोक होतं; सगळं विसरायला लावणारं बटण दुसऱ्या भोकात असतं. सावळेरामांनी मला एक चापट मारली. पक्की करून ठेवलेली आठवण अशाने जात नसते.

शेवटी रविवार उजाडला आणि सकाळीच कपिल आला. आदल्या दिवशीच तो नागपूरहून परतला होता. अंगणात सतरंजी टाकून तयार होती, प्रतीक्षा पोह्यांची तयारी करत होती आणि सावळेराम इस्त्रीचे कपडे घालून येरझाऱ्या मारत होते.

कपिलने पत्र्यावरची थाळी पाहिली. टेकडी स्पष्ट दिसत होती, सिग्नल पुरेपूर होता. मग तो मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसला. थाळीपर्यंत मी पोचतोय, थाळी टेकडीपर्यंत पोचतेय, पण मी टेकडीपर्यंत पोचत नाही, एवढं त्याने शोधलं. आजूबाजूच्या सगळ्यांचं नेट चालू होतं.

"राउटर गेलाय, ताई," तो प्रतीक्षाला म्हणाला. "म्हातारा झाला. मी घेऊन जातो, मंगळवारी नवा आणून लावतो. दुकानात आत्ता एकबी शिल्लक न्हाई."

"मंगळवार?" प्रतीक्षा म्हणाली. "दादा, तवर सुपारी फुटून जाईल हो."

कपिलने मला फळीवरून उचललं. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. आमच्यात जुनं झालं की जातात. पण लंकाबाईंनी तार धरली आणि सोडली नाही. दुसऱ्या हाताने त्या भराभर काहीतरी सांगू लागल्या.

"काय म्हणतायत मावशी?"

"म्हणतात, राउटर नेणार असशील तर मलाबी घेऊन चल," प्रतीक्षा म्हणाली. "आन् म्हणतात, थांब, हा आजारी न्हवता." लंकाबाईंनी दाराकडे बोट केलं. तिथे दसऱ्याचं झेंडूचं तोरण सुकून लोंबत होतं. त्यांनी गळ्याभोवती हार घातल्याची खूण केली, मग एक दिवस पुढे ढकलल्याची. "म्हणतात, दसऱ्याच्या संध्याकाळी सगळ्या मळ्याचंच गेलं व्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं आलं, आमचं एकट्याचं न्हाई आलं."

कपिल थांबला. "सगळ्यांचं गेलं व्हतं? मला कोणी बोललं न्हाई." त्याने मला गुडघ्यावर ठेवलं आणि गोरखला फोन लावला.

"दसऱ्याला टेकडीवर काय केलं रे?"

"काय न्हाय," फोनमधून गोरखचा आवाज खणखणीत आला. "डबा पूजेला आणला व्हता. दुसऱ्या दिशी नेऊन बशिवला."

"तोच बसवला?"

"तोच म्हणजे... दोन व्हते ना राव. दोघांना हार घातलेले. त्यातला एक बशिवला. सेमच हायेत, सेटिंगबी सेम. काय झालं?"

कपिलने फोन ठेवला. त्याने मोबाइलवर माझी आतली पानं उघडली आणि एकामागून एक खाली सरकवत नेली. सगळ्यात शेवटी त्याचाच पक्का केलेला नंबर होता. 

"हे मीच करून ठेवलंय," तो हळूच म्हणाला. "मावशीचं नेट जाऊ नये म्हणून केलं व्हतं." आणि त्याने तो नंबर पुसला.

मी विसरलो. इतक्या वर्षांनी विसरायला मिळालं. मी हाक मारली, 'हा जागेचा नंबर सध्या कोणाकडे आहे?' टेकडीवरून अनोळखी आवाजात उत्तर आलं, 'माझ्याकडे.'

पिठाच्या डब्याला टेकलेल्या मोबाइलवर इंद्रायणी दिसली तेव्हा लंकाबाईंच्या घशातून एक आवाज निघाला. तो त्यांना स्वतःला कधीच ऐकू येणार नव्हता. मग दोघींचे हात सुटले. इतके दिवस साठलेलं सगळं एकदम आलं, एकमेकींचे हात थांबायची वाटही त्या पाहत नव्हत्या. प्रतीक्षा दाराला टेकून उभी होती. मध्येच तिचा चेहरा बदलला.

"मामंजी," ती म्हणाली, "इंदू इचारतीय, हो कोणी सांगितलं? ती म्हणती, मी लिहिलं व्हतं, आईशी बोलल्याशिवाय काय ठरवू नका. तीनदा लिहिलं व्हतं."

सावळेरामांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. कपिल उगाच माझी तार गुंडाळायला लागला.

"मी काय वाईट करत व्हतो का?" सावळेराम म्हणाले. "भावाची पोर हाय. मी गेल्यावर हिला कोण बघणार, ह्या घोरानं मला झोप लागत न्हाई. चांगलं घर आलं, ते हातचं जाऊ नये म्हणून मी..."  ते खरं तेच बोलत होते. पोरीवर त्यांची माया होती, त्यात खोट नव्हती.

प्रतीक्षा हे सगळं हातांनी सांगायला पुढे झाली, तेव्हा लंकाबाईंनी तिचे हात धरून खाली केले. त्या उठल्या, सावळेरामांना दंडाला धरून आणलं आणि मोबाइलसमोर, आपल्या जागी, बसवलं. तुम्ही सांगा, असं त्यांनी बोटाने दाखवलं.

सावळेराम पडद्यावरच्या पुतणीकडे पाहत राहिले. तिला त्यांनी कडेवर खेळवलं होतं, तिच्या शाळेसाठी स्वतःची बैलजोडी विकली होती. पण तिच्याशी बोलायचं म्हणजे काहीतरी आणून तिच्या हातात द्यायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन्ही हात वर उचलले. हात तसेच अधांतरी राहिले. मग त्यांनी पाचही बोटं जुळवून तोंडाजवळ नेली. त्यांना येणारी ती एकच खूण होती. जेवलीस का?

 इंद्रायणीनेही बोटं जुळवून तोंडाजवळ नेली, मान हलवली आणि त्यांच्याकडे बोट केलं. जेवले. तुम्ही?

सावळेरामांनी मान खाली घातली आणि इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले.

नंतर प्रतीक्षाने मध्ये बसून दोन्हीकडचं दोन्हीकडे केलं. इंद्रायणी नाही म्हणाली नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की त्या माणसाने एकदा समोर येऊन तिच्याशी बोलावं. दुसऱ्या कोणाच्या तोंडाने नाही, स्वतःच्या हाताने बोलावं. येत नसेल तर शिकावं. ती थांबायला तयार होती. हे चाललेलं असतानाच अंबाबाईंचा फोन आला. मुलाकडची गाडी मंचरहून निघाली होती.

सावळेराम उठून अंगणात गेले. पण आवाज घरात येत होता.

"अंबाबाई, पावण्यांना येऊ द्या, पोहं-च्या घेऊ द्या. पण सुपारी आज न्हाई फुटायची. ...न्हाई, कोणी मोडता घातला न्हाई. पोरीला इचारायचं ऱ्हायलंय."

अंबाबाई फोनवर बरंच काही बोलल्या, आणि पुढे महिनाभर त्यांनी ओढा ओलांडला नाही. रुपेश अजून आलेला नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. मी नुसता राउटर आहे. सावळेराम मात्र आता संध्याकाळी पिठाच्या डब्यासमोर येऊन बसतात. त्यांची बोटं शेतकामाने राठ झालेली आहेत, नीट वळत नाहीत, आणि मायलेकी त्यांना हसतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी फळीवर असेल तर त्याच्यावर शोभेचा रुमाल टाकू नका, आम्हाला वारा लागतो. पत्र्याच्या कपाटामागे कोंबू नका. सुई घेऊन आमची भोकं कोरू नका, आणि चापट तर मारूच नका, तिने काही होत नाही. आणखी एक सांगतो, ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात ऐकू न येणारं, वाचता न येणारं, दूर राहणारं, म्हातारं असं कोणी असेल, तर त्याचं भलं कशात आहे ते आपल्याला आधीच ठाऊक आहे असं धरून चालू नका. त्याच्यावर तुमची कितीही माया असली, तरी त्याच्यासमोर बसा आणि त्यालाच विचारा. पुढच्या वर्षी परत विचारा.